पाण्यापेक्षा जड

नकाशावर कारखाना अजून आहे:
स्क्रू कातणाऱ्या लेथची शेड, पॅकिंगची खोली,
धुण्याची खोली, सायकली लावायची पडवी.
जमिनीवर मात्र काँक्रीटची लादी,
तिच्या भेगांतून वर आलेली बर्चची रोपं,
आणि आर्व नदीच्या अंगानं येणारा
बर्फाचा वारा.

बास्त्यां ड्रिल सुरू करतो.
दीड मीटरपर्यंत भराव: विटा, राख, पितळेचा कीस,
एक बटण.
तिसऱ्या मीटरला नदीची जुनी वाळू.
वर आलेली माती मी लांबट पेटीत ओळीनं निजवते,
मूठभर पिशवीत घेते, तोंड बांधते, उन्हात धरते,
मग वास मोजणाऱ्या यंत्राचं नाक आत खुपसते.
शून्य. शून्य. शून्य पॉइंट दोन.
पाच बोअर झाल्या. नकाशाच्या हिशोबानं सगळं स्वच्छ,
आणि खालच्या गल्लीतल्या हापशाला चारशे मायक्रोग्रॅम.
कुठंतरी पाणी मुरतंय, बास्त्यां म्हणतो.
आमच्या धंद्यात ही म्हण नाही,
कामाचं वर्णन आहे.

कुंपणापाशी एक बाई कधीची उभी आहे.
हातात वेताची टोपली.
ल्युसेत पेरोला. धुण्याच्या खोलीत सत्तावीस वर्षं.
"तिथं काय उकरताय?
ती खोली साहेब आले की दाखवायची.
आम्ही धुवायचो मागं, अक्रोडाखाली.
आत डोकं गरगरायचं."

ट्रायक्लो. हे नाव ती
एखाद्या वाह्यात मैत्रिणीचं घ्यावं तसं घेते.
गोडसर वास. जाळीत स्क्रू भरून बुडवायचे,
वर काढेपर्यंत कोरडे, लखलखीत.
"हातही तसेच निघायचे."
सुटीनंतर घोटभर वाईन घेतली
की चेहऱ्यावर लाल चट्टे उठायचे पोरींच्या;
पाद्रीबाबांना वाटायचं, या दिवसभर पितात.
"रविवारी डोकं ठणकायचं,
सोमवारी कामावर गेलं की थांबायचं.
आम्ही म्हणायचो, कामच आपलं औषध."
ती हसते.
मी हसावं की नाही, मला ठरवता येत नाही.

"वापरून झालेलं कुठं जायचं?"
"शुक्रवारी बादली बदलायची ना."
"हो, पण जुनी?"
ती बोट दाखवते.
अक्रोड नाही आता. गवतात बुंध्याची चकती आहे.

सहावी बोअर.
चार मीटर: शून्य. सात मीटर: सात.
अकराव्या मीटरला निळसर चिकणमाती लागते
आणि यंत्र किंचाळत सुटतं.

तेल पाण्यावर तरंगतं, कुणालाही दिसतं.
हे पाण्यापेक्षा जड.
वाळूतून उतरतं, पाण्यातूनही उतरतं,
चिकणमातीच्या खळग्यात बूड टेकतं
आणि वरून जाणाऱ्या पाण्याला
थोडं थोडं देत राहतं,
चमच्याचमच्यानं.

वहीच्या कोपऱ्यात मी गणित मांडते.
इथलं भूजल वर्षाला बारा मीटर चालतं, वायव्येकडे.
एकाहत्तर सालच्या एखाद्या शुक्रवारची बादली
आज कुठवर आली असेल?
शाळेचं अंगण ओलांडलं. बेकरी ओलांडली.
पेन्सिल थांबते तिथं एक घर, मागं विहीर, चार वाफे.
"ते माझं," ल्युसेत म्हणते,
नकाशा तिच्याकडून उलटा आहे तरी.

बराच वेळ फक्त मशीनचा आवाज.
मग: "वाफे उपटून टाकू?"
पंधरा दिवस थांबा, मी म्हणते, अहवाल येऊ दे.
तोवर विहिरीला हात लावू नका.
ती मान हलवते,
जशी फोरमनपुढं हलवत असेल.

संध्याकाळी बाटल्या बर्फाच्या पेटीत रचताना
टोपली पुढं येते.
सॅलडचा एक गड्डा, ओला, मुळांना माती.
"सकाळीच काढलाय. दिवसभर उभ्या आहात तुम्ही."
नाही म्हणता येत नाही.

बाटल्यांवर मी लिहिते:
बोअर क्रमांक, खोली, तारीख, वेळ.
गड्ड्यावर काय लिहायचं?
तो बाटल्यांच्या मधोमध बर्फात ठेवते
आणि झाकण लावते.